पिक्चरमधला काकांचा आवाज

हॉरर पिक्चर दुपारी बघायचा, हे माझं पहिलं मत. लोक म्हणतात रात्री, लाईट बंद करून, पांघरुणात शिरून. कशाला? आमच्या देवबागला रात्री एवढ्या गोष्टी आवाज करत असतात की पिक्चरमधलं काही ऐकूच येत नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे आमची वाळूची पट्टी, आणि तिच्यावरची सुरूची झाडं वाऱ्यावर अशी सूंऽऽ करतात की कुठल्याही साउंडवाल्याने हेवा करावा. दुपारी कसं, होमस्टेचे पाहुणे मासे-भात जेवून खोल्यांत आडवे झालेले, आई ओट्याला टेकून पेंगतेय, रेंज फुल, आणि बाहेर उन्हात एक माणूस नाही. आणि खरं सांगू? आमच्याकडे घाबरायची वेळ दुपारचीच असते. भर बाराला विहिरीवर जाऊ नको, केस मोकळे सोडून फिरू नको, हे सगळं लहानपणी आम्ही दुपारबद्दल ऐकलंय. पिक्चरवाल्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही. त्यांचं भूत कायम नाईट ड्युटीवर.

मी फोनवर एक पेज चालवते. पिक्चर बघायचा आणि दोन मिनिटांत, दम न घेता, मत सांगून टाकायचं. मतं माझ्याकडे भरपूर आहेत. कपाटातून मांजर उडी मारते आणि आपण दचकतो, असं करणारा दिग्दर्शक आळशी. बाथरूमच्या आरशात मागे कुणीतरी दिसतं, हे मला कधी लागूच पडलं नाही, आमच्या न्हाणीघरात आरसा नाही. झोंबी बघून मला भीती वाटत नाही, लिलावाच्या वेळची मालवणच्या मच्छीबाजाराची गर्दी आठवते. परग्रहावरचे राक्षस सगळे बुळबुळीत आणि सोंडा-सोंडांचे असतात, म्हणजे ते बनवणाऱ्याने आयुष्यात माकुल, म्हणजे स्क्विड, साफ केलेली नाही. ज्याने केलीय त्याला तो राक्षस बघून मसाला आठवतो. आणि मराठी हॉररमध्ये गाडी बंद पडली की ती कोकणातच पडते. घाटावर गाड्या बंदच पडत नाहीत का?

पण माझं सगळ्यात लाडकं मत असं की भीती कानात असते. हे मी सिद्ध केलंय. एका पिक्चरमध्ये मुलगी जिना चढते तो सीन, जो बघून मी स्वतः उशी चावली होती, तो आवाज बंद करून आईला दाखवला. आई म्हणाली, "ह्यां चेडू जिन्यार असा कित्याक चढता गो? गुडघे दुकतत काय तेचे?" संपला हॉरर. तेव्हापासून पेजवर माझं एक वाक्य ठरलेलं होतं, प्रत्येक व्हिडिओत मी ते म्हणायचेच. हॉरर म्हणजे आवाज, बाकी सगळी सजावट.

आता ते वाक्य मी म्हणत नाही. का, ते सांगायला बसलेय.

त्यासाठी आधी काका. माझ्या बाबांचे मोठे भाऊ. आमची घरं शेजारी, पुढचं अंगण, म्हणजे खळं, एकच. काका पर्यटकांना होडीतून संगमावर नेतात, डॉल्फिन दाखवतात. बोलताना ते अडखळतात. थोडंथोडकं नाही, शब्द दारात येऊन अडकतो आणि काकांचा सगळा चेहरा तो बाहेर ढकलत राहतो. कट्टा गावच्या बाजारात त्यांनी "स-स-स" म्हटलं की दुकानदार साबण, साखर, सुतळी असं सगळं समोर मांडायचा आणि काका बोट ठेवायचे. होडीतून डॉल्फिन दिसला की नुसता हात लांब करायचे. काकी चिडायची, "तोंड दिल्यान देवान, तेचो वापर कर मरे जरा!" आणि काका हसायचे. हसताना अडखळायला होत नाही.

आणि हेच काका आमच्या वाडीचं गाऱ्हाणं सांगतात. सांगायचे. बाहेरच्यांसाठी सांगते, गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे बोलायचं. एक माणूस उभा राहून बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागून जमलेले सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणतात. पोथी नाही, कागद नाही, त्या दिवशीचं जे असेल ते. कोण आजारी, कोणाची होडी नवी, कोणाचं लग्न जमत नाही. आधी आजोबा सांगायचे, मग काका. आणि गाऱ्हाणं सांगताना काका एकदाही अडखळत नाहीत. एकदाही! आवाज पार खालून येतो, जाडा, खरखरीत, एका लयीत. लहानपणी मला वाटायचं की आपल्याला काका दोन आहेत, एक घरातला आणि एक नारळी पुनवेला येणारा.

त्या नारळी पुनवेच्या काकांना मी एकदा फोनवर रेकॉर्ड केलं होतं. सहज. चार मिनिटं आणि काही सेकंद.

दिवाळीनंतर आमच्या होमस्टेवर पुण्या-मुंबईकडचे चौघे जण राहायला आले, हॉरर शॉर्टफिल्म शूट करायला. मी वेडी व्हायची बाकी होते. त्यांचा दिग्दर्शक माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठा असेल, गळ्यात हेडफोन, बोलणं माझ्यासारखंच, एक वाक्य संपायच्या आत दुसरं. त्याने माझं पेज बघितलेलं होतं! माझं आंबोळ्यांचं पीठ तव्यावर जळेपर्यंत आम्ही दोघं ओट्यापाशी उभे राहून भांडलो, भूत दाखवावं की न दाखवावं यावर. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला हॉररवर माझ्याच वेगाने उत्तर देत होतं. त्यामुळे मी त्यांना सगळं सांगत सुटले. कांदळवनातली वाट दाखवली. कुठली विहीर पडद्यावर खोल दिसेल ते दाखवलं. देवचाराची गोष्ट सांगितली, तो कसा हातात काठी, खांद्यावर घोंगडी घेऊन गावाच्या हद्दीवर फिरतो आणि चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो.

दिग्दर्शक म्हणाला, "म्हणजे चांगला आहे तो?"

"हो मग! राखणदार तो."

"हं. चांगला असला तर पिक्चर कसा होणार?"

आणि मी, हे मी, दुसऱ्या कुणी नाही, पटकन म्हणाले, "मग वाईट करा ना त्याला!"

सगळे हसले. मला केवढं भारी वाटलं.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला तो म्हणाला की सगळं जमलंय, फक्त आवाज नाही. काहीतरी इथलं, खरं, जुनं पाहिजे, स्टुडिओत बसून केलेलं नको. माझ्या डोक्यात टिंग वाजली. मी फोन काढला, रेकॉर्डिंग शोधलं, त्याच्या हेडफोनला लावून दिलं. त्याने डोळे मिटले. मी त्याचा चेहरा बघत बसले. पहिल्या वाक्याला त्याच्या हातावर काटा आला, खरंच आला, मी बघितला.

"कोण आहे हा माणूस?"

"माझे काका."

"काय आवाज आहे! वापरू?"

"वापरा की!"

तो "थँक्स" म्हणायच्या आत फाईल त्याच्या फोनवर पोचली होती. माझं टायपिंग फास्ट आहे, पाठवणं त्याहून फास्ट. मी आधी पाठवते आणि मग वाचते. काका त्या वेळी पन्नास पावलांवर खाडीच्या कडेला होडीतलं पाणी उपसत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. विचारायचं सुचलंच नाही मला. घरातलीच गोष्ट, घरातलाच आवाज, त्यात विचारायचं काय, असं काहीतरी. किंवा तेवढाही विचार नाही.

फेब्रुवारीत पिक्चर आला, ऑनलाईन, फुकट, बावीस मिनिटं. मी हॉलमध्ये टीव्हीला फोन जोडला आणि सगळ्यांना गोळा केलं. आई, बाबा, काकी, काका. दुपारची वेळ, दारं उघडी, बाहेर कुळथाची शेंग वाळत पडलेली. सुरुवातीला मजाच आली. नायिका देवबागच्या किनाऱ्यावर किंचाळत पळत सुटते आणि पुढच्या शॉटमध्ये धामापूरच्या तळ्याच्या काठी पोचते. बाबा म्हणाले, "आपल्याकडून रिक्षान गेली तरी पाऊण तास लागता. बरी पळता हां!" काकी हसता हसता खोकली.

मग तो कांदळवनात आला. देवचार. काठी तीच, घोंगडी तीच, पण डोळे पांढरे आणि तोंडातून काळं काहीतरी गळतंय. आणि मागून आवाज सुरू झाला. हळू केलेला, अजून जाडा केलेला. "बा देवाऽऽ म्हाराजाऽऽ…"

काका पुढे सरकून बसले.

मला हे खरं लिहायचंय म्हणून लिहिते. तो सीन जबरदस्त आहे. मी अख्खा फोन भरून हॉरर बघितलेत, असा आवाज मी ऐकलेला नाही. देवचार त्या मुलीचे केस धरून तिला चिखलातून ओढत नेतो आणि वर हा आवाज एक एक वाक्य सोडतो, वाक्यामागे वाक्य, आणि मधे नुसती शांतता. "ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत म्हाराजाऽऽ…" शांतता. मुलगी ओरडते. "तेंका पोटात घाऽऽल…" शांतता. आमच्याकडे 'पोटात घाल' म्हणजे चूक माफ कर. तिथे त्या चिखलात त्याचा अर्थ तो राहिलाच नाही.

शेवटी पांढऱ्या अक्षरांत आभार आले. त्यात माझं नाव होतं. मी ओरडले, "बघा! बघा!" आणि मागे वळले तर काकांची खुर्ची रिकामी. ते खळ्यात जाऊन उभे होते, पाठमोरे. काकी म्हणाली, "तेंका विचारलंलंस गो तू?" आईने माझ्याकडे बघितलं आणि टीव्ही बंद केला.

आणि तरी, संध्याकाळी मी पेजवर मत टाकलं. पाचपैकी साडेचार तारे. "हॉरर म्हणजे आवाज, बाकी सगळी सजावट, आणि हा आवाज आमच्या देवबागचा आहे, मंडळी!" टाकताना वाटलं, काकांना नंतर बरं वाटेल, अभिमान वाटेल. काय काय वाटून घेतो ना माणूस.

त्या सीनमधला आवाजाचा तुकडा फोनोफोनी सुटला. लोक त्यावर आपले व्हिडिओ करायला लागले. कुणी मांजर दारामागून येतंय, कुणी सासू किचनमध्ये शिरतेय, मागे काकांचा आवाज. वॉटर स्पोर्ट्सच्या पोरांनी तर धक्क्यावर काका दिसले की फोनवर तोच लावायला सुरुवात केली. वाईट नाहीत ती पोरं, सगळी आमच्यातलीच. "काकानूं, तुमी तर फेमस झालास! सही द्या!" काका हसायचे. पहिले काही दिवस हसायचे. मग एकदा होडीतल्या एका पाहुणीने सांगितलं, "दादा, तो आवाज काढून दाखवा ना, माझ्या मुलाला घाबरवायचंय." हे मला बाबांनी सांगितलं. काकांनी होडी अर्ध्यातून वळवली आणि काठाला आणून लावली. डॉल्फिन न दाखवता. काका असं करतील हे कुणालाच खरं वाटेना.

शिमग्याला गाऱ्हाणं सांगायला बोलावणं आलं तर काकांनी घशावर हात ठेवून दाखवला. घसा बसलाय. त्यांच्या जागी दुसऱ्या एकाने सांगितलं, बरं सांगितलं, पण फोनमध्ये बघून. लोक घरी येऊन काकीला विचारायला लागले, "नारळी पुनवेक तरी सांगतले मां?" काकी म्हणायची, "माका काय विचारतास? माझ्याकडे तरी खंय बोलता तो." तेव्हा मला कळलं की काका घरातही बोलायचे थांबलेत. अडखळत का होईना, बोलायचे ते. आता तेही नाही.

मी दिग्दर्शकाला फोन केला.

"काढून टाक तो आवाज."

"अगं, असा कसा काढू? बघतायत लोक."

"दुसरा लाव ना कुठला तरी."

"तूच म्हणतेस ना, हॉरर म्हणजे आवाज, बाकी सगळी सजावट? मग मी जीवच काढून टाकू पिक्चरचा?"

माझंच वाक्य. माझ्याच लयीत.

"चेहरा दाखवलेला नाही त्यांचा," तो म्हणाला. "तुझे आभार मानलेत. तू 'वापरा की' म्हणालीस. मला कळतंय तुला वाईट वाटतंय, पण ते ग्रेट आहेत गं, त्यांना सांग ना की ते ग्रेट आहेत."

तो खोटं बोलत नव्हता, हाच प्रॉब्लेम. पिक्चरमध्ये असं नसतं. पिक्चरमध्ये कुणीतरी बंद दार उघडतं, जुनी पेटी उघडतं, मग जे सुटतं त्याला परत कोंडायचा काहीतरी उपाय शेवटच्या दहा मिनिटांत सापडतो. मी आतापर्यंत अशा पेट्या उघडणाऱ्यांना पेजवर किती हसलेय. मूर्ख आहेत, कळत कसं नाही, हात कशाला लावायचा!

जूनमध्ये होड्या वर ओढल्या. काका त्यांच्या होडीवर माडाच्या विणलेल्या झापांचं छप्पर घालत होते. मी गेले, बाजूला उभी राहिले, झापं उचलून देत राहिले. मग मी एका दमात, एकदम, "काकानूं माझी चूक झाली मी विचारूक होया होतां माका तेव्हा कळलाच नाय," असं सगळं ओतलं.

काकांनी गाठ मारून होईपर्यंत वर बघितलं नाही. मग म्हणाले, "त्या पि-पिक्चरात… 'व्हय म्हाराजा' खंय गेला?"

मला आधी समजलंच नाही.

"मी बो-बोललंय. मागसून क-कोण व्हय म्हणणा नाय. तेनी का-कापल्यान?"

कापलं होतं. अर्थात कापलं होतं. माझ्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक वाक्यामागून सगळी वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणते, त्यात बाबांचा आवाज आहे, पोरांचा आहे, एक जण शिंकतो तेही आहे. त्यांनी तेवढं सगळं उचलून फेकून दिलं होतं आणि त्या जागी शांतता ठेवली होती. तीच ती शांतता, जिला मी साडेचार तारे दिले होते. मी, कानात भीती असते असं जगाला सांगत फिरणारी, मला ते ऐकू आलं नव्हतं. काकांना पहिल्याच वेळी आलं.

"माणूस ए-एकटोच असो बोलत रवलो," काका म्हणाले, "आणि कोण व्हय म्हणणा नाय, मगे तो भू-भूतच वाटतलो मां."

"मगे तुमी सांगूचा कित्याक बंद केलास?"

काकांनी पुढचं झाप मागितलं. मी दिलं. ते बांधून झालं.

"तोंड उ-उघडलंय की तोच आयकाक येता. पिक्चरातलो." त्यांनी कानावर हात ठेवला. "मा-माझो खंय गेलो तो गावणा नाय."

मी त्या दिवशी घरी येऊन पेजवर अख्खं मूळ रेकॉर्डिंग टाकलं. चार मिनिटं, शिंकेसकट. खाली सगळं समजावून लिहिलं. काकांना विचारून टाकलं या वेळी. त्यांनी खांदे उडवले, ते मी हो धरलं. फार कुणी ऐकलं नाही. एकाने लिहिलं, "यात भीती नाही वाटत यार." माझे साडेचार तारे मी काढून टाकले, पण पिक्चर तिथेच आहे, आणि बघणारे वाढतायत. त्यानंतर दोन महिने मी हॉरर बघितला नाही. बघायला बसले तरी प्रत्येक शांततेत मला वाटायचं, इथून काय कापलंय यांनी?

नारळी पुनवेला दुपारी चारच्या सुमाराला सगळे खाडीच्या काठावर जमले. पाऊस थांबून थांबून पडत होता. होड्यांना हार, एका पाटावर सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ. वाडीतले जाणते काकांकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. काकी मला हळूच म्हणाली, "इलो हा तो, ह्याच खूप." मी फोन घरी ठेवून गेले होते. मुद्दाम.

काका पुढे झाले. टोपी नीट केली. हात जोडले. वॉटर स्पोर्ट्सची पोरं मागे ओळीने उभी होती आणि त्यातल्या दोघांच्या हातात फोन होते, पण खाली धरलेले.

"बा…"

थांबले.

"बा… बा…"

शब्द दारात अडकला. गाऱ्हाण्यात. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, काकांच्याही बहुतेक. मान ताठ झाली, जबडा हलतोय, आवाज नाही. कुणी हलेना. मी कितीतरी पिक्चरमध्ये म्हटलंय की इथे म्युझिक काढून टाकायला हवं होतं, जास्त भीती वाटली असती. बरोबर होतं माझं. पाण्याचा चुबुकचुबुक आवाज तेवढा. मला वाटलं हे असंच राहणार, काका तिथे उभे राहणार तोंड उघडं टाकून, आणि हे मी केलंय, आणि याला शेवटची दहा मिनिटं नाहीत.

आणि मी ओरडले, "व्हय म्हाराजा!"

कशाला व्हय? काकांनी अजून काही म्हटलेलंच नव्हतं. दोन बायका माझ्याकडे वळल्या. एक म्हातारा खेकसला, "अगो, तेनी सांगूक तरी होया! कसला व्हय?" मागून कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले. आणि मग काकी, माझी काकी, जी काकांना तोंडाचा वापर कर म्हणून ओरडायची, ती माझ्यापेक्षा मोठ्यांदा म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

काकांनी श्वास सोडला. "बा देवा," ते म्हणाले. तेवढंच. थांबले.

"व्हय म्हाराजा," आता बाबा आणि आणखी चारपाच जण.

"म-म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

तसंच चाललं पुढे. अर्धं वाक्य, पाव वाक्य, कधी नुसता एक शब्द, आणि प्रत्येकामागून व्हय. कुठे म्हणायचं ते कुणालाच धड कळत नव्हतं, काही जण आधी म्हणायचे, काही जण उशिरा, पोरं तर मधेच. होड्यांची नावं घेताना काका तीनदा अडकले. एका होडीचं नाव शेवटी तिच्या मालकानेच सांगितलं. नेहमी पाच मिनिटांत होणारं गाऱ्हाणं कितीतरी वेळ चाललं, पावसाची एक सर येऊन गेली मधे. आणि तो जुना आवाज, तो खालून येणारा, सलग, लहानपणी मला दुसऱ्या काकांचा वाटायचा तो, तो आला नाही. मी शेवटपर्यंत वाट बघत होते. घरातले काकाच बोलले सगळं.

नारळ पाण्यात सोडला. लोक प्रसादाकडे वळले. कुणी काकांच्या पाठीवर थाप मारली, कुणी काही बोललं नाही. काका माझ्याजवळ आले, टोपी पिळत.

"ला-लांबला गो."

"नाय काकानूं, बरां झाला."

"रे-रेकॉर्ड केलंस?"

"नाय. फोन हाडूकच नाय."

काकांनी मान हलवली. "क-करूचा होतास."

"कित्याक?"

"धाड मगे तेंका. म्हणा, आता ह्यां ला-लाव पिक्चराक. बघया कोण भि-भियाता तां."

आणि ते हसले, अजिबात न अडखळता. मला हसायला जमलं नाही. मी म्हटलं, "चला, काकी प्रसादासाठी थांबलीय," आणि त्यांच्या मागून चालायला लागले. धक्क्याजवळून जाताना त्या दोन पोरांपैकी एकाने फोन खिशात टाकला, आणि काका पुढे गेल्यावर परत काढला.